हातचा एक

सकाळी नऊला मी कानांवर हेडफोन चढवते
आणि अनोळखी माणसांना विचारते:
गेल्या आठवड्यात, सोमवार ते रविवार,
पैशासाठी किंवा मोबदल्यासाठी
किमान एक तास काम केलंत का?

एक तास. बास.
तेवढ्यावर माणूस कामावर आहे असं धरतात.
नसेल, तर पुढचा प्रश्न:
शोधत होतात का?

हेलसिंकी, तिसरा मजला, आम्ही अकराजणी.
जानेवारी. खिडकीला अजून उजाडायचंय.
माझ्या वाट्याला पंचावन्न ते चौसष्टचा रकाना.
मी स्वतः चौसष्ट.
सात मार्चला या रकान्याच्या काठावरून
खाली उतरेन. खुर्ची आधी जाईल की मी,
ते ठरायचंय.

बऱ्याच जणांचा आवाज
प्रश्न संपायच्या आत म्हातारा होतो.
एक बाई म्हणाली, नातवाला सांभाळते, दिवसाचे दहा तास.
पैसे? हसली.
मी 'नाही' वर खूण केली.

सतरावा फोन.
इल्पो ह्युत्तिनेन, एकसष्ट.
कागदाची गिरणी बंद पडून चार वर्षं झाली.
आमच्याकडे याला नळी म्हणतात:
साठीच्या अलीकडे नोकरी गेली
की भत्त्याच्या नळीत शिरायचं,
पेन्शनच्या तोंडातून बाहेर पडायचं.
मधे ना धड बसता येत, ना उभं राहता.
नळीही आता बुजवताहेत म्हणे.

"काम म्हणजे काय म्हणता तुम्ही?"
नियम असा, की समजवायचं नाही,
प्रश्न तसाच पुन्हा वाचायचा.
वाचला.
पलीकडे खुर्ची सरकली.
"बुधवारी शेजारणीच्या बोटीचं इंजिन उघडलं.
तळं गोठलंय, पण तिला मे महिन्याची घाई.
वीस युरो देत होती, नाही घेतले.
मग मासे दिले. दोन किलो. साफ केलेले."

मासे चालतात. मोबदला म्हणजे मोबदला.
"किती वेळ लागला?"
"पन्नास मिनिटं.
पूर्वी अर्ध्या तासात केलं असतं."

पन्नास.
माझं बोट 'नाही' वर जाऊन थांबलं.
चौतीस वर्षं रात्रपाळ्या,
रुळांमधून धावणारा पांढरा ओला कागद,
डाव्या कानातली कायमची शिट्टी,
सगळे टक्केटोणपे खाऊन झाल्यावर
दहा मिनिटांसाठी टक्क्यातून वगळायचं?

"आणि हात धुवायला?"
हा प्रश्न छापील यादीत नाही.
तो गप्प. मग सावकाश, हिशेब लावत:
"दहा. जास्तच. ग्रीस आता लवकर निघत नाही,
नखांच्या कडांना बसून राहतं.
खरं सांगू? बरं वाटलं.
तसेच मळके हात घेऊन जेवायला बसलो असतो,
पण बायको ओरडली."

एक तास.
मी 'हो' वर खूण केली.

एप्रिलमध्ये कुणी मंत्री उभा राहून सांगेल,
ज्येष्ठांचा रोजगार वाढला,
शून्य पूर्णांक एक, दोन, जे काय असेल ते.
त्या आकड्यात कुठेतरी
साबणाचा फेस आहे, हे
मला ठाऊक, इल्पोला ठाऊक.

मागून पेप्पी आली. वय सव्वीस, आमची पर्यवेक्षक,
मधूनमधून फोन ऐकते.
"हात धुणं कामात धरतात का, राइली?"
मी म्हटलं, तू कधी ग्रीस धुतलंयस?
तिनं स्वतःचे हात पाहिले,
काही बोलली नाही, काही लिहिलंही नाही.

फोन ठेवण्याआधी त्यानं विचारलं होतं,
"बाई, तुमचं वय काय?"
उत्तर द्यायची मुभा नाही.
"तुमच्याच रकान्यातलं," मी म्हणाले. "मार्चपर्यंत."
"मग एवढ्यात सोडू नका.
घरात दिवस फार लांब असतो,
जानेवारीतसुद्धा."

अठरावा नंबर लावला.
वाजत राहिला.
कुणी उचलला नाही, तेव्हा वाटलं,
कामावर गेलं असेल माणूस.